एक जूनची लेकरं

"हे अक्षर तुमचंच ना, गुरुजी?"

वकीलबाईंनी झेरॉक्सचा कागद माझ्यापुढे धरला आणि मी चष्मासुद्धा न लावता "माझंच" म्हणून मोकळा झालो. पण करणार काय? अख्ख्या तालुक्यात माझ्यासारखं अक्षर कुणाचं नव्हतं. केंद्रप्रमुख बाकीच्या मास्तरांना माझं जनरल रजिस्टर दाखवायचे आणि म्हणायचे, "बाबर गुरुजींकडून शिका. खाडाखोड नाही आणि एक रकाना कोरा नाही." रकाना कोरा ठेवायचा नाही हा माझा सदतीस वर्षांचा नियम होता. आत काय भरलंय ते कुणी वाचत नसे.

"नीट बघून सांगा हं," बाई म्हणाल्या.

"बघायचंय काय त्यात? वैजयंता तुकाराम मेटकरी. इयत्ता पहिली. जन्मतारीख एक जून दोन हजार. ही बघा, अक्षरीसुद्धा लिहिलीय."

"तेच तर दुखणं आहे," असं म्हणून बाई ओसरीवरच्या खुर्चीत बसल्या.

त्यांचं नाव अ‍ॅडव्होकेट शमीम मुलाणी. ज्याला वकील परवडत नाही त्याला सरकार फुकट वकील देतं, तशा त्या तालुक्याच्या विधी सेवा समितीनं नेमलेल्या. सव्वीस-सत्तावीसचं वय, स्कूटीच्या डिकीत घडी घालून ठेवलेला काळा कोट. फुकटचा वकील म्हणजे सरकारी दवाखान्यातली पांढरी गोळी, घेतली काय न घेतली काय, असं माझं मत होतं. ते पुढे मला गिळावं लागलं.

ही २०१८ सालच्या जून महिन्यातली गोष्ट. वैजूचं प्रकरण आमच्या तरसवाडीत शेंबड्या पोरालाही पाठ होतं. एक जूनला आनंदाभाऊ कोळेकरांचा वाढदिवस असतो. भाऊ म्हणजे पंचायत समितीचे माजी सदस्य आणि गेली दहा वर्षं फ्लेक्सवरचे भावी आमदार. स्टँडवर त्यांचा वीस फुटी फ्लेक्स लागला होता. रात्री वारं सुटलं, एका बाजूच्या दोऱ्या तुटल्या आणि भाऊ अर्धे रस्त्यावर लोंबायला लागले. वैजू पोलीस भरतीसाठी रोज पहाटे पळायची. तिनं ते बघितलं, घरी जाऊन विळा आणला, उरलेल्या दोऱ्या कापल्या आणि फ्लेक्सची वळकटी डोक्यावर घेऊन गेली. शेळ्यांच्या छपराला पावसाळ्याआधी काहीतरी घालायचंच होतं.

आता आमच्याकडे निम्म्या गोठ्यांवर कुणी ना कुणी भावी आमदार पसरलेला आहे. त्यात नवल काही नाही. पण एक रिवाज आहे. केक कापून होईपर्यंत फ्लेक्सला हात लावायचा नाही, मग ज्याच्या हाती लागेल त्याचा. पोरगी पाच तास आधी गेली. त्यातून छप्पर पडलं बुटकं, आणि शेळीला उंचावर चढायची खोड. सात वाजता कुणीतरी फोटो काढला. आनंदाभाऊ दोन्ही हात जोडून आभाळाकडे बघत हसतायत आणि त्यांच्या मिशीवर एक करडी शेळी उभी आहे. आठ वाजेपर्यंत तो फोटो तालुक्यातल्या एकूण एक मोबाइलवर गेला. दहाला भाऊंच्या माणसांनी चोरीची तक्रार दिली.

"ठाण्यात हवालदारानं तिचं आधार कार्ड बघितलं," मुलाणीबाई सांगत होत्या. "म्हणाला, 'अगं, आज तुझा वाढदिवस! आजच अठरा पुरी झालीस.' शुभेच्छा दिल्या आणि गुन्हा नोंदवून घेतला. वर म्हणाला, 'कालच चोरी केली असतीस तर तू बालक होतीस, बाई.'"

मला हसू आलं. बाई हसल्या नाहीत.

"गुरुजी, ती मुलगी पळण्यात जिल्ह्यात दुसरी आहे. तिला पोलीस व्हायचंय. सज्ञान म्हणून खटला चालला आणि दोषी ठरली, तर शिक्षा होईल किरकोळ दंडाची. पण डाग जन्माचा लागेल. चोरीची शिक्षा झालेल्या मुलीला पोलिसांत घेतील का?"

"कसं घेतील?"

"आणि अठराच्या आतली ठरली, तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. ते समज देतात आणि घरी पाठवतात. पुढे नोकरीला ती गोष्ट आड येत नाही, कायदाच तसा आहे. म्हणजे सगळं आलं तिच्या वयावर."

"बरं मग?"

"मग म्हणजे तुमच्यावर आलं, गुरुजी. दहावीच्या सर्टिफिकेटवर एक जून आहे, कारण दाखल्यावर एक जून आहे. दाखल्यावर आहे, कारण तुम्ही रजिस्टरात लिहिलंय. घरी जन्मलेली पोर, ग्रामपंचायतीत नोंद नाही. आई म्हणते, थंडीचे दिवस होते. जूनमध्ये कुठली थंडी?"

आता हे एक जूनचं प्रकरण सांगायलाच हवं. त्या काळी शाळा उघडली की आया पोरांना बखोटीला धरून आणायच्या. जन्म कधीचा विचारलं की म्हणायच्या, "थोरल्या म्हशीला रेडकू झालं त्या साली." आता म्हशीचं रेडकू मी रजिस्टरात कुठं लिहू? रकाना तर भरायचा. मग शाळा सुरू होताना पोर बरोबर पाच वर्षांचं व्हावं अशा बेतानं एक जून टाकायचा. सगळे मास्तर तेच करत. आनंदाभाऊंची एक जूनसुद्धा माझीच. मी नवीन नोकरीला लागलो होतो तेव्हाची. एवढंच कशाला, माझी स्वतःचीही एक जूनच आहे. वैजूला ठाण्यात बसवलं होतं तेव्हा मी भाऊंच्या स्टेजवर होतो. "आज आपल्या गुरुजींचाही वाढदिवस!" म्हणत भाऊंनी मला केक भरवला होता, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांतही निम्मे एक जूनवालेच होते.

पण बाहेरच्या माणसापुढे हे कबूल करायचं म्हणजे... मी ताठ बसलो आणि म्हणालो, "हे बघा बाई, रेकॉर्ड म्हणजे रेकॉर्ड."

आतून आमच्या शकुंतलाबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या. "कसलं डोंबलाचं रेकॉर्ड! वैजी तुळशीच्या लग्नाची आहे. सुईणीबरोबर मी गेले होते तिच्या आईकडं. इकडं मंगलाष्टकं चालली होती आन् तिकडं पोरगी रडली."

"तू गप गं."

"का गप? तुम्हीच न्हाई का त्या साली डिसेंबरात घरोघर पोरं मोजत फिरलात? ती वही पेटीत आहे की अजून."

मी तिच्याकडे असं बघितलं की दुसरी बायको असती तर जमिनीत गेली असती. ही सरळ आत गेली आणि पेटी उघडली. कोर्टात खेचायला मला शत्रूची गरजच नव्हती.

ती वही म्हणजे सर्वेक्षणाची माझी प्रत. शून्य ते चौदा वर्षांची मुलं मोजायचं काम दर साली मास्तरांच्याच गळ्यात. ऑफिसला एक प्रत द्यायची, एक मी ठेवायचो, अक्षर चांगलं आलेलं असायचं म्हणून. मुलाणीबाईंनी एकेक पान उलटलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. वैजयंता तुकाराम मेटकरी, वय एक महिना, जन्म नऊ नोव्हेंबर दोन हजार.

"अक्षर?" बाईंनी विचारलं.

मोत्यासारखंच होतं.

"दोन्ही तुमचीच अक्षरं. कोर्टात येऊन एवढंच सांगायचं की यातलं खरं कुठलं."

"आणि दुसरं का लिहिलं, ते विचारतील."

"ते तर विचारतीलच," असं म्हणून बाईंनी चहा संपवला.

दुसऱ्या दिवशी आनंदाभाऊ आले, हातात पेढ्याचा बॉक्स. पाया पडले. खुर्चीत बसायच्या आधीच सुरू झाले.

"गुरुजी, मी ऐकलं ते खरं हाय का? तुमी कोर्टात जाऊन म्हननार, एक जून आमी अंदाजे लिवत हुतो?"

"अजून ठरलं नाही."

"मग ठरवूच नगा. पंधरा वरसं झाली, मी त्या दिवशी रक्तदान घेतोय, वह्या वाटतोय. आन् आता लोक म्हननार, भाऊचा वाढदिवस अंदाजे! त्या शेळीनं काय कमी हसं केलंय का माजं?"

"एवढं आहे तर तक्रार मागे घे की, आनंदा. पोरीचं आयुष्य आहे."

"घेतो की! मी काय दगड हाय व्हय? पोरीनं चौकात येऊन पाया पडायचं, पोरं व्हिडिओ काढतील, इषय संपला. तसा सांगावा धाडला हुता मी."

"मग?"

भाऊंनी तोंड वाकडं केलं. "म्हनली, मी न्हाय येनार, शेळीला धाडते."

मला ठसका लागला. पाणी प्यायलो. भाऊंनी पेढ्याचा बॉक्स माझ्याकडे सरकवला आणि आवाज बारीक केला. "गुरुजी, तुमी माजं गुरू. म्हनून सांगतो. रजिस्टरात खोटं लिवलं म्हनून तोंडानं कबूल केलं, तर कुनीबी चौकशीचा अर्ज टाकील. पेन्शन चालू हाय न्हवं तुमची? आदर्श शिक्षकाचा पुरस्कार भितीवर हाय. र्‍हाऊ द्या की भितीवरच."

ते गेल्यावर शकुंतला म्हणाली, "पेढे बरे आहेत. भ्यायलात का?"

"मी कशाला भिऊ?"

"मग पेढा नुसता हातात धरून का बसलाय?"

मी भ्यालो होतो, हे सरळच सांगतो. पण पेन्शनला नाही. मला एकाच प्रश्नाची भीती होती, का लिहिलं या प्रश्नाची. त्याचं उत्तर मी तेरा वर्षं शकुंतलेलाही दिलं नव्हतं.

ऑगस्टात वयाच्या चौकशीची तारीख लागली. तालुक्याचं कोर्ट म्हणजे एक लांबट खोली, वर तीन पंखे, त्यातले दोन फिरणारे. मॅजिस्ट्रेट साहेब चाळिशीतले, शांत. मागच्या बाकावर तुकाराम मेटकरी टोपी हातात घेऊन बसला होता आणि शेजारी वैजू. सावळी, काटक पोर. पायात पळायचे बूट, अंगठ्याजवळ फाटलेले. माझ्याकडे बघून तिनं मान हलवली, शाळेत उपस्थित म्हणताना हलवायची तशीच.

मुलाणीबाईंनी दोन्ही कागद मला दाखवले. मी दोन्ही अक्षरं ओळखली. सर्वेक्षणाची नोंद मी बाळंतिणीच्या घरी जाऊन, पोर डोळ्यांनी बघून केली होती, हे सांगितलं. रजिस्टरातल्या तारखेला काही पुरावा घेतला नव्हता, हेही सांगितलं. तोपर्यंत ठीक चाललं होतं.

मग सरकारी वकील उठले. पोट सुटलेले, आवाज खणखणीत.

"गुरुजी, त्या वर्षी पहिलीत मुलं किती होती?"

"सतरा."

"त्यांतली एक जूनची किती?"

"चौदा."

"अरे वा! तरसवाडीत एक जूनला चौदा बाळंतपणं?"

खोलीत हसू फुटलं. वकिलांना चेव आला. "म्हणजे तुमच्या मते, ज्यांच्या ज्यांच्या दाखल्यावर एक जून आहे, त्या सगळ्यांच्या तारखा खोट्या, असं कोर्टानं समजायचं का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि बघतो तर हसू एकदम बंद झालेलं. दारातल्या शिपायानं मान खाली घातली. टाइप करणाऱ्या बाईंचे हात थांबले. हवालदार टोपीची पट्टी नीट करायला लागला. आणि प्रश्न विचारून झाल्यावर खुद्द सरकारी वकिलांच्याच काहीतरी ध्यानात आलं असावं, त्यांनी टेबलावरचा ग्लास उचलून घटाघटा पाणी प्यायलं. साहेबांनी कागदातून डोकं वर न काढता सांगितलं, "वकीलसाहेब, हा प्रश्न कोर्टाला आवश्यक वाटत नाही. पुढे चला."

मुलाणीबाईंनी ओढणी तोंडाला लावली. खोकला आल्यासारखं केलं त्यांनी.

पण वकील कच्चा नव्हता. "ठीक. मग एवढंच सांगा. चार वर्षं सात महिन्यांची मुलगी. खरी तारीख तुमच्याच वहीत, तुमच्याच घरात होती. आईला आठवत नव्हतं हे कारण इथं चालत नाही. तरी तुम्ही खोटी लिहिली. का?"

हाच तो प्रश्न. उत्तर मी घरून पाठ करून नेलं होतं. शिक्षणाचा प्रसार, मुलींचं हित, वर्ष वाया जाऊ नये ही तळमळ. चांगलं चार वाक्यांचं होतं. मी घसा साफ केला आणि नेमकी माझी नजर मागच्या बाकावर गेली.

पहिलीत ती सगळ्यांत लहान होती. दुपार झाली की पाटीवर डोकं ठेवून झोपायची, लाळेनं अक्षरं पुसून जायची, आणि मी तिला उठवून ओणवं उभं करायचो. पाच वर्षांच्या मुलीला एवढंही जमू नये का, असं रागावायचो. वर्षभर रागावलो. त्या पोरीला कळत नव्हतं आपलं चुकतंय काय, आणि मला मात्र पक्कं माहीत होतं.

"पटासाठी, साहेब," मी म्हणालो.

"काय?"

"त्या साली पटावर एक पोर कमी पडत होतं. एक कमी पडलं की एक मास्तर जादा ठरतो. जादा ठरला की त्याची बदली. आणि माझी पाळी होती." मी पुढं सांगितलं. "त्याच मे महिन्यात गावात माझ्या नव्या घराचा स्लॅब टाकला होता. ते सोडून जायचं जिवावर आलं. ही पोर शाळेच्या कुंपणाबाहेर करडांमागं पळत होती. मी तिला उचलून आत आणलं, बाकावर बसवलं आणि पाच वर्षांची केली. तिच्या हिताचा त्यात काही संबंध नव्हता."

वकील खाली बसले. टाइप करणाऱ्या बाईंनी साहेबांकडे बघितलं. साहेब म्हणाले, "घ्या, जसं बोलले तसं."

आठवड्यानं निकाल आला. गुन्ह्याच्या दिवशी वैजयंता मेटकरी सतरा वर्षं सहा महिन्यांची होती. प्रकरण जिल्ह्याला बाल न्याय मंडळाकडे गेलं. तिथल्या बाईंनी तिला समज दिली, भाऊंच्या वकिलाला दुसरी दिली आणि फाईल मिटवली. मुलाणीबाई पेढे घेऊन घरी आल्या. "गुरुजी, तुम्ही नसता तर काही खरं नव्हतं," म्हणाल्या. चौकशीबिवकशी काही लागली नाही. लावायला जो साहेब बसला असता, त्याचीही तारीख एक जूनच असणार.

मग काय विचारता! मी कॉलर ताठ करून हिंडायला लागलो. स्टँडवर, देवळात, दाढीला गेलो तिथं, चार माणसं दिसली की माझी साक्ष सुरू व्हायची. पटाची गोष्ट मी थोडक्यात सांगायचो आणि सत्याची जरा लांबवायचो. शकुंतला म्हणायची, "हरिश्चंद्र, जेवायला चला."

सप्टेंबरच्या शेवटी एका सकाळी वैजू दारात उभी राहिली. घामानं भिजलेली, पळूनच आलेली. हातात कागदांची गुंडाळी.

"ये ये, वैजू! शकू, चहा टाक. सुटलीस ना झटक्यात?"

ती बसली नाही. गुंडाळी उलगडून तिनं माझ्यापुढे धरली. पोलीस भरतीची जाहिरात होती, आणि मागे अर्जाचा छापील कागद. "वाचा की, गुरुजी. वयाचं वाचा."

मी वाचलं. तीस सप्टेंबर रोजी वय अठरा पूर्ण असलं पाहिजे.

बोटांवर हिशोब करायची गरज नव्हती, आयुष्यभर मी वयाचेच हिशोब केलेले. नऊ नोव्हेंबरला चाळीस दिवस कमी पडत होते. एक जून असती तर ती चार महिन्यांपूर्वीच अठराची झाली होती.

"मुलाणीम्याडमकडं गेले हुते," ती म्हणाली. "त्या म्हनल्या, कोर्टानं नऊ नोव्हेंबर ठरीवलीय. आता धाव्वीच्या सर्टिफिकेटावर एक जून हाय म्हनून ती लिवली, तर पडताळनीत घावशील आन् कायमची बाद हुशील. रडल्या त्या. म्हनल्या, भरती इतक्यात येईल असं वाटलं न्हवतं."

"मग पुढच्या भरतीला..."

"पुढची कवा हाय? तीन वरसांनी आली तर आली. तवर घरचे लगीन लावतील का पळू देतील?"

सवयीनं माझ्या तोंडातून निघून गेलं, "वैजू, खऱ्याला मरण नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"गुरुजी, तुमच्या खोट्यानं मी चोर झाले आन् तुमच्या खऱ्यानं भरती गेली. दोनदा तुमी माजं वय लिवलं, एकदा शाळंत आन् एकदा कोर्टात. दोनीबी येळंला मी तितंच बसले हुते. एकदा तरी मला इचारायचं हुतं की, वैजू, तुजं काय म्हननं हाय?"

चहा आला तेव्हा ती फाटकातून बाहेर पडत होती. जाहिरात ओट्यावरच राहिली. मी कोर्टात खरं बोललो ते तिच्यासाठी बोललो, की माझ्या मानेवरचं ओझं उतरावं म्हणून, हे मला त्या दिवशी सांगता आलं नाही. आजही येत नाही. मला लाज वाटली. त्याच स्लॅबखाली बसलो होतो, वर बघवेना. शकुंतलेनं वैजूचा कप उचलून परत नेला.

त्यानंतर स्टँडवरची माझी कीर्तनं बंद झाली. आनंदाभाऊंनी पुढच्या साली एक जूनलाच केक कापला. फ्लेक्स मात्र लोखंडी चौकटीत, शेळीच्या आणि माणसाच्या हाताबाहेर. मला स्टेजवर बोलावलं होतं. पोट बिघडलं म्हणून सांगितलं. वैजू पळत राहिली एवढं मात्र दिसायचं, पहाटे फिरायला गेलो की कॅनॉलच्या रस्त्यावर ती माझ्या समोरून यायची. थांबायची नाही. मीही हाक मारली नाही.

ही गेल्या वर्षीची गोष्ट. आठवड्याच्या बाजारात माझा मोबाइल गेला. लोक म्हणाले, ठाण्यात लिहून द्या, नाहीतर त्यावरून कुणी भलतंच काही करील. गेलो. टेबलामागे खाकीत एक बाई बसली होती, मान खाली घालून लिहीत. छातीवरच्या पट्टीवर वै. तु. मेटकरी.

पुढच्या एका भरतीत ती लागल्याचं ऐकलं होतं, पण आमच्याच ठाण्यात आलीय हे माहीत नव्हतं. मी उभाच राहिलो.

"बसा, गुरुजी," ती वर बघून म्हणाली. तिनं शिपायाला सांगून पाणी मागवलं. तोंडावर ओळखीचं हसू होतं, पण काम सोडलं नव्हतं. "नाव तर माहीतच आहे. बळवंत... वडिलांचं?"

"गेनबा. बाबर."

"राहणार तरसवाडी. जन्मतारीख?"

"एक जून एकोणीसशे अठ्ठावन्न," मी सवयीनं म्हणालो.

तिचं पेन थांबलं. भाषा आता शहरी झाली होती तिची, पण एवढं वाक्य तिनं गावाकडच्या आवाजात म्हटलं. "खरी सांगा की, गुरुजी."

आई म्हणायची, तू सुगीतला, ज्वारी काढायला माणसं लागली होती तेव्हाचा. साल विचारलं की हसायची. मला शाळेत घालणाऱ्या मास्तरांनी तिला विचारलं होतं की नाही, कोण जाणे. त्यांचंही अक्षर सुरेख होतं. सहासष्ट वर्षं मी त्या तारखेवर पास झालो, नोकरीला लागलो, निवृत्त झालो, केक खाल्ला. आई जाऊन वीस वर्षं झाली. आता विचारायलाही कुणी उरलं नाही.

"मला माहीत नाही गं, वैजू," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे बघितलं. हसेल, टोमणा मारेल असं वाटलं. तिचा हक्कच होता तो.

"मग काय लिहू?" तिनं विचारलं. अगदी साधं विचारलं, मला ठरवायला वेळ देऊन.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पंख्याकडे बघतोय असं दाखवलं.

वैजूनं माझा खांदा हलकेच थोपटला आणि तो रकाना कोरा सोडून ती पुढे लिहायला लागली.